भट्टीत उमलणारी फुले

चिनी मातीच्या काही भांड्यांवर हिमकणांसारखी फुले पसरलेली दिसतात. ती कुंचल्याने रेखाटलेली असावीत, अशी आमची समजूत होती; परंतु ते भट्टीतच वाढलेले स्फटिक होत. सन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सेव्र व कोपनहेगन येथील कारखान्यांनी अशी भांडी मांडली होती.

ही कला शिकणाऱ्यास झिलईच प्रथम रडविते. साध्या झिलईत अॅल्युमिना असतो, म्हणून ती भांड्यास धरून राहते. येथे तो जवळजवळ वगळून जस्ताचे भस्म शेकडा २५ च्या आसपास घालावे लागते. मग वितळलेली झिलई पाण्यासारखी ओघळते! यास्तव भांड्याखाली बैठक व तिच्याखाली बशी ठेवतात. भाजून झाल्यावर ती चिकटलेली बैठक तोडावयाची असते, आणि तेवढ्यात पुष्कळदा भांडेच तडकते.

भट्टी १२६० ते १३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्वरेने ११०० अंशांच्या आसपास उतरवावयाची व तेथे काही तास राखावयाची. त्या अवधीत जस्त व सिलिका यांचे स्फटिक वाढतात. फार तापली, तर ज्यांभोवती स्फटिक धरावयाचे ते कणच विरघळून जातात.

यिर्मयाच्या ग्रंथातील कुंभार बिघडलेल्या मातीचे चाकावरच दुसरे भांडे घडवितो. भाजलेल्या भांड्यास ती सवलत नाही. म्हणून नवशिक्याने आधी लहान तुकड्यांवर झिलई पाहावी, प्रत्येक खेपेचे अंश व तास वहीत टिपावेत, आणि रंग कोबाल्टचा घ्यावा. तो स्फटिकांत शिरतो व सभोवतालची झिलई फिकी राहते, त्यामुळे काय साधले ते तत्काळ दिसते.