जागलीला सोबत गाणं

ॲपल कंपनीने १० मे २०२२ रोजी आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचे मृत्युलेख छापले. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारपेठेत त्या बातमीने काहीच हललं नाही. तिथल्या दुकानांत टांगलेली असतात ती यंत्रं वेगळी. समोर वाटीएवढा स्पीकर, वर चार-पाच बटणं, कडेला मेमरी कार्डाची फट, पेन ड्राईव्हची जागा आणि मागच्या झाकणाखाली एकेकाळी नोकियाच्या फोनमध्ये असायची तीच बीएल-५सी बॅटरी. किंमत काही शे रुपये. खोक्यावर कंपनीचं नाव असतं, पण ते बघून कोणी घेत नाही. आवाज मोठा आहे का आणि कार्ड चालतं का, एवढंच दुकानात वाजवून बघितलं जातं.

हे यंत्र आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कशासाठी घेतलं जातं, हे कळायला हिवाळ्यात रात्रीच्या वेळी शिवारात जावं लागतं. हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं शेतात उतरतात. एका रात्रीत पट्टाच्या पट्टा भुईसपाट होतो. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हाला पाणी द्यायलाही मध्यरात्री उठून जाणं आलंच. म्हणून जागल. एकटा माणूस, बॅटरीचा झोत, हातात काठी आणि गळ्यात किंवा मळ्यावरच्या खुंटीला अडकवलेलं ते यंत्र. रात्री दोन वाजता एका शेतातून काकड्याचे अभंग, बांधापलीकडून जुन्या हिंदी पिक्चरची गाणी, आणखी लांबून भीमगीतं ऐकू येतात. कोण कुठे जागं आहे, हे त्या आवाजावरून आजूबाजूच्या शेतांना कळतं.

बुलढाणा-खामगाव रस्त्यालगतच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांसाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. या जंगलात बिबटे आहेत. टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर घेऊन निघालेला वाघ २०१९च्या डिसेंबरात इथेच येऊन थांबला होता. पण गावकऱ्यांना खरी धास्ती असते ती अस्वलाची. अस्वलाची नजर अधू असते. मुळं-वारुळं उकरण्यात ते गुंगलं की माणसाची चाहूल त्याला लागत नाही, आणि अचानक समोरासमोर गाठ पडली की घाबरून ते थेट अंगावर येतं. त्यामुळे जंगलाच्या कडेने जाताना आवाज करत जावं, हे जुनं शहाणपण. पूर्वी खाकरत, हाळ्या देत जायचे. आता गाणं लावून जातात. म्हणूनच शहरात कौतुकाचा ठरणारा इअरफोन इथे धोक्याचा. कान बंद करून जागलीला जाऊ नये, असं मी कोणत्याही तरुणाला हात जोडून सांगेन. इथे गाणं आपल्याइतकंच जनावरालाही ऐकू गेलं पाहिजे.

काही शेतकरी एक पाऊल पुढे गेले आहेत. कार्डात माणसांचा आरडाओरडा, कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी भरतात, यंत्राला भोंगा आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडतात, आणि रात्रभर तेच फिरून फिरून वाजत राहतं. पहिले काही दिवस याचा उत्तम उपयोग होतो. मग डुकरं ओळखतात. रोज तोच आवाज, त्याच जागी, त्याच क्रमाने येतो म्हटल्यावर ती निर्धास्त चरू लागतात. ज्यांना उपयोग होतो ते दर दोन-चार दिवसांनी भोंग्याची जागा हलवतात, आवाज बदलतात, मध्ये शांततेच्या फाईली टाकतात.

फोन तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मग हे वेगळं यंत्र कशाला, असं पुण्या-मुंबईहून आलेली मुलं विचारतात. जागलीवरच्या माणसाचं उत्तर सरळ असतं. सर्पदंश झाला, मोटार जळली, अस्वल आलं, तर घरी फोन लावायचा आहे. त्याची बॅटरी गाण्यात घालवायची नाही. शिवाय जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पुष्कळ ठिकाणी रेंजच नसते. आणि हातातलं यंत्र पाटाच्या पाण्यात पडलं तर जीव कळवळतो, पण महिन्याचा हिशेब कोलमडत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कारण वेगळं, आणि मला ते तितकंच पटतं. शेगाव आपल्या जिल्ह्यातलं. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तिथे प्रकटले, ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. दासगणू महाराजांनी लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय वाचण्याचा नेम घरोघरी आहे. डोळ्यांना अक्षर दिसेनासं झालं की वाचनाचा नेम ऐकण्यावर येतो. फोनवर पोथी लावली की मध्येच जाहिरात येते, कर्ज हवं का म्हणून विचारणारा फोन येतो, बोट चुकीच्या ठिकाणी लागून भलताच व्हिडिओ सुरू होतो. माझ्या मावशीने आपल्या यंत्राच्या चालू करायच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली आहे. बोटाला ती लागते. चष्मा न शोधता पहाटे अध्याय सुरू होतो. पडदा नाही, नेट नाही, दुसरं काही दाखवायचंच नाही, हे तिच्या दृष्टीने त्या यंत्राचं मोठेपण आहे. शहरी घरांत हीच गरज ओळखून सारेगामाने २०१७ साली पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही काढली.

पोथी भरून देणाऱ्या नातवंडांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. फाईलींना १, २, ३ असे आकडे दिले तर बरीच यंत्रं पहिल्या अध्यायानंतर दहावा लावतात, मग अकरावा, आणि दुसऱ्याची पाळी एकोणिसाव्यानंतर येते, कारण ती आकड्याची किंमत बघत नाहीत, डावीकडून एकेक चिन्ह बघतात. ०१, ०२, ०३ असं लिहिलं की क्रम लागतो. अगदी स्वस्त यंत्रं तर नावही बघत नाहीत. कार्डावर ज्या क्रमाने फाईली उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी कार्ड पूर्ण रिकामं करून एकेक अध्याय क्रमाने टाकायचा. कार्ड बत्तीस जीबीपेक्षा मोठं नको, आणि फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं हवं. नाहीतर यंत्र ते ओळखतच नाही.

एवढ्याशा कार्डात इतकं मावतं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने दोन्ही बाजूंसाठी नोंदलेले असतात. एका मिनिटाला साधारण दहा एमबी जागा जाते. जर्मनीत एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास केला. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? तो वगळला, आणि मिनिटाला दहाऐवजी एक एमबी पुरू लागला. १४ जुलै १९९५ रोजी या फाईलींना ‘.एमपी३’ हे शेपूट मिळालं. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने १९९८ साली एमपीमॅन हे पहिलं खिशातलं यंत्र आणलं, त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. आज बत्तीस जीबीच्या कार्डात त्याच हिशेबाने पाचशे तासांहून जास्त मावतात, सलग बावीस-तेवीस दिवस-रात्र.

पण ही वगळावगळ भजनाला भोवते. टाळ आणि चिपळ्या यांचा आवाज एकदम उसळतो आणि फार उंच पट्टीपर्यंत जातो. नेमक्या अशाच आवाजात एमपीथ्री कमी पडतं. जागा वाचवण्यासाठी ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर, उतरवलेल्या भजनात टाळ ठणकत नाही, ओल्या पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा सळसळतो. प्रवचन, पोथी, नुसतं बोलणं ६४वर चांगलं ऐकू येतं. टाळ-मृदंग असेल तर १९२च्या खाली जाऊ नये. जागा आता इतकी स्वस्त आहे की कंजुषी करण्याचं कारणच उरलेलं नाही.

हे सगळं गावोगाव पोचवलं ते गाणी भरून देणाऱ्या दुकानांनी. मोबाईल दुरुस्तीची टपरी, एक संगणक, त्याला लावलेला कार्ड रीडर. ‘काय भरू, भाऊ?’ ‘जुने टाक. थोडे भजनाचे टाक, आन् पोरासाठी डीजेचे.’ दहा-वीस रुपयांत कार्ड भरायचं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं, नेट स्वस्त झालं आणि हा धंदा बसत गेला. या दुकानांतली बहुतेक गाणी गायक-कवींना एक पैसाही न देता उतरवलेली होती. कॉपीराइटचा १९५७चा कायदा ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचं संरक्षण देतो, ते तिथे कोणी पाळलं नाही, आणि कलावंतांचं त्यात नुकसान झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी याच दुकानांमुळे वामनदादा कर्डकांची रचना आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज ज्या वस्तीत कॅसेटचं दुकान कधी नव्हतं तिथे गेला. पिंपळगाव सराईच्या सैलानी यात्रेला येणाऱ्यांनी कव्वाल्या याच कार्डांतून घरी नेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मला ज्याबद्दल तळमळीने लिहायचं आहे ते पुढचं. या कार्डांत बाजारातली गाणी आहेत, तशीच बाजारात कधीच न आलेली आहेत. गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळातल्या एखाद्या बाबांचा काकडा, भीमजयंतीला रात्रभर रंगलेला गायनाचा सामना, लग्नातली हळदीची गाणी. कोणीतरी फोनवर मुद्रित केलं, या कार्डातून त्या कार्डात गेलं. इंटरनेटवर ते कुठेही नाही. गाणारा कधी गेलेला आहे, त्याचा आवाज फक्त पाच-सहा घरांतल्या कार्डांवर आहे. आणि कार्ड ही जपून ठेवायची जागा नाही. त्यात आवाज साठतो तो सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विजेच्या भाराच्या रूपात. कार्ड वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलं की हा भार झिरपत जातो. उष्णतेने आणखी लवकर. घाटाखालच्या तालुक्यांतला मे महिना आणि पत्र्याचं घर एकत्र आलं तर विचारायलाच नको. त्यात बाजारात नकली कार्डं भरपूर. वर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत आठच असतात. नवं भरत गेलं की जुनं निमूट पुसलं जातं आणि फाईलीचं नाव मात्र तसंच दिसत राहतं. नवं कार्ड घेतलं की एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ते आधी पूर्ण भरून तपासावं.

हातात मावणारं मुद्रणयंत्र काय करू शकतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत निहाली बोलणारे लोक राहतात, दोन-अडीच हजारांच्या आसपास. निहालीचं नातं जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी खात्रीने जोडता आलेलं नाही. डच अभ्यासक काइपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं; अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून शैलेंद्र मोहन यांनी तिचं दस्तऐवजीकरण केलं. या भाषेला लिपी नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रण हाच तिचा ग्रंथ. असं मुद्रण एमपीथ्रीत करत नाहीत, डब्ल्यूएव्हीत करतात, काहीही न वगळता. कारण कानाला नको वाटलेला बारीकसा आवाज भाषेच्या अभ्यासकाला नेमका हवा असू शकतो. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. ते मोठ्या जिद्दीचं, अनेक वर्षांचं काम होतं. एका गावाच्या भजनी मंडळापुरतं काम दिवाळीच्या सुटीत होण्यासारखं आहे.

मुलं लॅपटॉप घेऊन घरी आलेलीच असतात. घरातली आणि शेजारची जुनी कार्डं एकत्र करावीत, आहे तसं सगळं आधी लॅपटॉपवर उतरवावं, मग दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, शक्य तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. फाईल पुन्हा एमपीथ्रीत बदलू नये. प्रत्येक वेळी काहीतरी गळतं. नव्याने मुद्रण करायचं तर पखवाजापासून जरा लांब आणि गाणाऱ्याच्या जवळ बसावं, आणि सुरुवातीला गावाचं नाव, तारीख, गाणारे कोण हे तोंडाने बोलून टाकावं, म्हणजे फाईलीचं नाव बदललं तरी माहिती आवाजातच राहते. जुन्या फाईलींची नावं मात्र बहुतेक वेळा ‘ट्रॅक ०४’ किंवा नुसत्या तारखा अशीच सापडतील. तिथे लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी न्यावा आणि करंज्या करत बसलेल्या बायकांना एकेक फाईल ऐकवावी. गाणारा कोण, टाळ कोणाचा, सप्ताह कोणत्या साली कोणाच्या वाड्यात होता, हे त्या दोन ओळींत ओळखतात. ऐकता ऐकता ते लगेच टंकून घ्यावं.