अंगभूत फंक्शनांचा स्वभाव

ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत काम करीत असता ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत जी भाषा रचावयास घेतली आणि १९९१ साली लोकांच्या हाती दिली, ती पायथन भाषा आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सर्वांच्या राबत्यात आली आहे, याचे बरेचसे श्रेय तिच्या अंगभूत फंक्शनांना द्यावे लागेल. भाषा सुरू होताच, बाहेरून काही न मागविता, हाताशी हजर असणारी अशी सुमारे सत्तर फंक्शने तिच्यात आहेत. लांबी सांगणारे लेन, बेरीज करणारे सम, क्रम लावणारे सॉर्टेड, पडद्यावर मजकूर उमटविणारे प्रिंट ही त्यांतली नित्याची. नावे इतकी सुबोध की यांत शिकण्यासारखे ते काय, असे नवशिक्यास वाटावे. परंतु नावावरून बांधलेली अटकळ आणि फंक्शनाचे प्रत्यक्ष वर्तन यांत पुष्कळदा अंतर पडते, आणि चौकशी केली तर त्या अंतरामागे कोणीतरी पूर्वीच घेतलेला व रीतसर दप्तरी नोंदविलेला निर्णय सापडतो.

लेनचेच पाहा. ‘मराठी’ हा शब्द त्याच्या हवाली केला, की उत्तर येते ५. म, रा, ठी अशी तीन अक्षरे मोजण्याची सवय असलेल्या आपल्याला हे विपरीत वाटते; पण लेन मोजते ती युनिकोडने ठरविलेली चिन्हे, म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. याच हिशेबाने ‘क्षत्रिय’ या तीन अक्षरी शब्दाची लांबी ८ भरते, कारण जोडाक्षरातील प्रत्येक अदृश्य हलन्तचिन्हही मोजणीत धरले जाते. डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती येण्यापूर्वी तर, यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या साध्या मजकुरात, याच ‘मराठी’चे उत्तर १५ येत असे, कारण तेव्हा चिन्हांऐवजी बाइट मोजले जात, आणि त्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हास तीन बाइट लागतात. वास्तविक लेन स्वतः काही मोजीतच नाही. समोर आलेल्या वस्तूला ते तिची लांबी विचारते आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे आपल्या स्वाधीन करते. यादी आपला आकडा सदैव जवळ बाळगून असते, म्हणून कोटी नोंदींची यादीही क्षणार्धात उत्तर देते. उलट ४२ ही नुसती संख्या पुढे केली, तर तिच्यापाशी लांबी म्हणून सांगण्यासारखे काहीच नसल्याने तक्रार येऊन काम थांबते.

अपूर्णांक जवळच्या संख्येवर आणणाऱ्या राउंडची कथा याहून मनोरंजक आहे. अर्धा आला की वरची संख्या घ्यावी, हा शाळेतला नियम आपल्या हाडीमाशी भिनलेला असतो. राउंड मात्र २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४. बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यावी, ही तजवीज तिसऱ्या आवृत्तीत अंमलात आली, आणि तिच्यामागे जमाखर्चाचे जुने शहाणपण आहे: हजारो रकमांतील प्रत्येक अर्धा वरच चढवीत गेल्यास एकूण बेरीज हळूहळू फुगते, तर कधी वर, कधी खाली गेल्याने ती बव्हंशी सावरून राहते. मला हा निर्णय न्याय्य वाटतो, जरी पहिल्या दिवशीच त्याला अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला तो तसा वाटणार नाही. २.६७५ दोन दशांशांपर्यंत आणावयास सांगितले असता मिळणारे २.६७ मात्र या नियमातून आलेले नाही. यंत्र संख्या द्विमान पद्धतीने साठविते, तिच्यात २.६७५ तंतोतंत मावत नाही, आणि जी साठविली जाते ती किंचित उणी असते. राउंड बिचारे तिला इमानाने खाली आणते.

देवनागरीशी या फंक्शनांचा व्यवहार संमिश्र आहे. मजकुराची संख्या करणारे इंट आपले ‘१२’ हे अंक बिनतक्रार स्वीकारते. परंतु सॉर्टेडला मराठी शब्द लावावयास दिले, तर ते युनिकोडच्या अनुक्रमांकांवरून लावते, आणि त्या कोष्टकात ळ हा ल च्या पाठोपाठ बसविलेला असल्यामुळे, वर्णमालेत ह नंतर येणारा आपला ळ भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. कोश किंवा नामसूची करणाऱ्याने क्रमाचा नियम स्वतः पुरवावा. तशी मुभा सॉर्टेडने ठेवली आहे.

सर्वांत घोटाळ्याची गोष्ट अशी, की ही नावे राखीव नाहीत. कज्जा आधी गावात, मग परगण्यात आणि सरतेशेवटी हुजुरात जावा, तसे पायथन प्रत्येक नाव प्रथम चालू फंक्शनात शोधते, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनांत, मग संपूर्ण फायलीत, आणि तेथेही न सापडले तरच अंगभूत नावांकडे वळते. एखाद्याने एकूण रकमेसाठी सहज ‘सम’ हे नाव योजून त्यात शून्य ठेवले, तर त्या क्षणापासून तेथे सम म्हणजे एक संख्या. त्या ओळीवर काहीच बिघडत नाही. पुढे बऱ्याच ओळींनंतर कोणी यादीची बेरीज मागितली, की पूर्णांकाला फंक्शनासारखी हाक मारता येत नाही, असा रुक्ष खुलासा पडद्यावर येतो आणि वाचणारा बेरजेच्या ओळीतच दोष धुंडाळीत बसतो. मूळ सम तोवर नष्ट झालेले नसते. फंक्शनाबाहेर, फायलीच्या पातळीवर आड आलेले नाव ‘डेल’ या हुकमाने पुसून टाकले, की पुढच्याच हाकेला ते पूर्ववत बेरीज करून देते.