भोंग्याची तोडलेली तार

काही वर्षांपूर्वी एका खलाशाच्या तक्रारीवरून आम्हांस कोकणातल्या एका बंदरात जावे लागले. मासेमारीच्या बोटीचे इंजीन भर समुद्रात जाम झाले होते. सहा माणसे रात्रभर लाटांवर हेलकावत राहिली, आणि वर दुरुस्तीचा खर्च त्या खलाशाच्या हिश्शातून कापला गेला. "भोंगा वाजलाच नाही," एवढेच तो सांगत होता. आम्ही इंजीनघरात उतरलो, तेव्हा भोंग्याची तार पकडीने तोडलेली आढळली. आदल्या हंगामात तो सारखा वाजे, म्हणून मालकाच्याच सांगण्यावरून ती तोडली होती, हे तांडेलाने चारचौघांत कबूल केले. कापलेले पैसे परत मिळाले. परंतु असा भोंगा तपासावा कसा, हे त्या दिवसापासून आम्ही शिकत आलो.

बहुतेक डिझेल इंजिनांवर दोन पहारेकरी असतात: एक तेलाच्या दाबाचा स्विच, दुसरा पाण्याच्या उष्णतेचा. इंजीन बंद असता तेलाला दाब नसतो. म्हणून चावी फिरवताच भोंगा वाजलाच पाहिजे, आणि इंजीन सुरू झाल्यावर काही क्षणांत थांबला पाहिजे. चावी फिरवूनही तो गप्प राहिला, तर सर्व ठीक आहे असे समजू नये. जेथे स्विचला एकच तार असते, तेथे तेलाच्या स्विचची तार काढून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावी. भोंगा वाजला तर दोष स्विचचा. न वाजला तर फ्यूज, भोंगा वा तार तपासावी.

चालत्या इंजिनावर भोंगा वाजला, तर प्रथम तो खराच आहे असे मानावे. बोट सुरक्षित ठेवून इंजीन बंद करावे. तेलाची काठी पाहावी, पट्टा पाहावा. समुद्राचे पाणी घेणाऱ्या गाळणीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकले आहे काय, पंपातले रबरी इंपेलर फाटले आहे काय, हे पाहावे. तापलेल्या टाकीचे झाकण मात्र उघडू नये.

हे सर्व ठीक निघाले, तरच खोट्या भोंग्याचा विचार करावा. इंजीन थंड झाल्यावर दोन्ही स्विचांच्या तारा काढून चावी फिरवावी. तरीही भोंगा वाजला, तर एखादी तार सालपटून लोखंडाला लागलेली असते. गप्प राहिला, तर उष्णतेच्या स्विचची तार जोडावी. थंड इंजिनावर वाजला तर तो स्विच बिघडला. तेलाच्या स्विचविषयी शंका असेल, तर त्याच्या जागी दाबमापक घड्याळ लावून खरा दाब पाहावा.

मूळ रोग बहुधा खारी हवा हाच असतो. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि जोड सैल होतात. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी विसाव्यात सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, इंजीन चालू असता सुमारे 14. स्टार्टर नुसता टकटक करत असेल, तर नवी बॅटरी आणण्यापूर्वी टर्मिनले घासून घट्ट करावीत. चालत्या इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नये. अल्टरनेटरचे डायोड जळतात.

तपासणीसाठी काढलेली प्रत्येक तार बंदर सोडण्यापूर्वी परत जोडावी, आणि चावी फिरवून भोंगा सर्वांना ऐकवावा. त्या बोटीवर आता तसेच करतात. भोंगा वाजल्याशिवाय तो खलाशी दोर सोडत नाही, आणि मालकही त्याला घाई करत नाही.