भाकरी अडकण्याआधी

आमच्याकडं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं दुखणं आधी ताटात दिसतं. कडक भाकरी मोडून खाणारा माणूस ती दुधात कुस्करून मागू लागतो, पुढं नुसतं दूध. ‘घास अडकतोय’ म्हणत तो दवाखाना गाठतो तोवर अन्ननलिका बहुधा निम्म्याहून जास्त बुजलेली असते. ही नळी ताणली जाणारी. थोडं अडलं तरी सांभाळून घेते, तिथंच घात होतो.

गाठ धरण्याआधी काही वर्षं अस्तरातल्या पेशी नुसत्या बिघडत असतात. घशातून घातलेल्या साध्या दुर्बिणीत तो भाग सहज नजरेतून सुटतो. म्हणून डॉक्टर ल्युगोलचं आयोडीन फवारतात. निरोगी पेशींतलं ग्लायकोजेन त्यानं गडद तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींत ते नसल्यातच जमा, तेवढा डाग फिका राहतो. दोन-तीन मिनिटांत तो गुलाबी झाला तर संशय बळावतो आणि तपासणीचा तुकडा नेमका तिथलाच काढतात. छातीत जळजळतं मात्र, आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला हे चालत नाही. दुसरी तऱ्हा ‘नॅरो बँड इमेजिंग’ची. बटण दाबलं की ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळं वेड्यावाकड्या झालेल्या केशवाहिन्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात.

रंगावरून रोग हेरणं आमच्या धाराशिव जिल्ह्याला नवं नाही. शेजारच्या बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाची ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ पासूनची. आमचे भूम-परांडा तालुके त्यात पहिल्यापासून. पुढं १९९९ मध्ये टाटा मेमोरियलसोबत जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. एका गटात व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा पडणारा डाग शोधत. मृत्यू निम्म्यावर आले ते मात्र एचपीव्ही विषाणूच्या चाचणीच्या गटात, व्हिनेगरच्या नव्हे. डोळ्याला दिसलं म्हणजे जीव वाचला असं नसतं, हे आपल्याच गावांनी जगाला दाखवलं.

अन्ननलिकेत तर दुर्बिणीची नळी घालावीच लागते; ती गावोगाव सगळ्यांना घालणं मला व्यवहार्य वाटत नाही. पण वर्षानुवर्षं तंबाखू-मिश्री चालू आहे, किंवा तोंडा-घशाच्या कर्करोगावर उपचार झालेत, अशांची दुर्बीण ठरलीच तर ‘आयोडीन मारणार की निळा प्रकाश?’ हे डॉक्टरांना बेलाशक विचारावं.