मेंदूतील फुगा : क्लिप नीट बसली का?

‘मेंदूतील रक्तवाहिनी फुटली आहे, ऑपरेशन करावे लागेल,’ असे पुण्याहून कळले की नातेवाईक त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे सल्ल्याला येतात. पहिला प्रश्न खर्चाचा असतो. दुसरा अधिक मार्मिक असतो. ‘पुन्हा फुटणार नाही, हे डॉक्टरांना कशावरून कळते?’

सायकलच्या ट्यूबला कमकुवत जागी फुगा येतो, तसा मेंदूच्या तळाशी, रक्तवाहिनीला जेथे फाटा फुटतो तेथे, काहींना फुगा येतो. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बिडी-सिगारेट व वाढलेला रक्तदाब यांमुळे धोका वाढतो. फुगा फुटला की क्षणात असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठरणे, कधी बेशुद्धी. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते. म्हणून ‘पित्ताचे डोके’ समजून रात्र काढू नये, लगेच सी. टी. स्कॅन करावा.

१९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी अशा फुग्याच्या मानेवर क्लिप लावली. तत्त्व आजही तेच आहे. चिमटा फुग्याच्या मानेवर बसला पाहिजे, पण शेजारची चांगली रक्तवाहिनी दबता कामा नये. मान थोडी उघडी राहिली तर फुगा पुन्हा भरतो. वाहिनी दबली तर मेंदूचा तेवढा भाग मरतो व रुग्ण लुळा होऊन घरी येतो. सूक्ष्मदर्शकातून सर्जनला वाहिनीची बाहेरची बाजू दिसते. आत रक्त वाहते की नाही, हे नुसत्या डोळ्यांना नेहमी समजत नाही. पूर्वी ही खात्री बहुधा शस्त्रक्रियेनंतर अँजिओग्राफी करून होई. तोवर कवटी बंद झालेली असे.

आता तपासणी टेबलावरच करता येते. इंडोसायनिन ग्रीन नावाचे हिरवे औषध शिरेतून देतात. विशिष्ट अवरक्त प्रकाशात ते चमकते आणि काही सेकंदांतच सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर वाहत्या रक्ताच्या वाहिन्या उजळतात. फुगा काळाच राहिला तर क्लिप बसली. वाहिनी काळी पडली तर क्लिप लगेच सरकवायची. मेंदूच्या फुग्यांसाठी ही पद्धत जर्मनीतील सर्जनांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली.

पण हा प्रकाश फक्त समोर उघडे असलेले दाखवतो. रक्ताच्या गुठळीमागे किंवा जाड, चुना साचलेल्या भिंतीआड काय आहे, ते दिसत नाही. अवघड फुग्यात जांघेतून नळी घालून थिएटरमध्येच एक्स-रे अँजिओग्राफी करतात. ती अधिक खात्रीची, परंतु वेळखाऊ. यंत्रसामग्रीही सगळीकडे नसते. बारीक डॉप्लरने वाहिनीतील प्रवाहाचा आवाज ऐकणे हा स्वस्त आणि माझ्या मते उगाच दुर्लक्षिलेला उपाय आहे.

हल्ली अनेक फुगे कवटी न उघडता, आतून तारेचे वेटोळे भरून बंद करतात. तेथे सर्व काम एक्स-रेच्या पडद्यावर पाहतच चालते.

नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. अकोले-जामखेडकडच्यांची वाट आणखी वेगळी. निघण्यापूर्वी जेथे न्यायचे तेथे न्यूरोसर्जन हजर आहेत का, हे फोनवर विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात. आरोग्यमित्राकडे कागदपत्रांची चौकशी करावी. सी. टी.च्या फिल्म सोबत घ्याव्यात. रुग्ण रक्त पातळ होण्याची गोळी घेत असेल, किंवा पूर्वी अँजिओग्राफीच्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. हिरव्या औषधात आयोडीनचा अंश असतो.