माहिती चौकट : वर्ध्याच्या काळ्या जमिनीतील यंत्रशेती

- जमीन व पिके : आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके असून, येथील काळी जमीन ओली असता फुगते आणि वाळली की भेगाळते.
- रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) यंत्र : ट्रॅक्टरला जोडलेले हे यंत्र रुंद वरंबा व दोन्ही बाजूंच्या सऱ्या पाडत एकाच फेरीत बी व खत पेरते, अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते, तर पावसाचा खंड पडल्यास सरीत मुरलेली ओल पिकाला उपयोगी पडते.
- अतिघन लागवड : ९० × १५ सेंमी अंतरावर लावलेल्या कपाशीची हेक्टरी सुमारे ७४,००० झाडे बसतात.
- जुने व नवे : तिफणीने होणारी पेरणी पेरणीयंत्राकडे, तर सोयाबीनची मळणी मळणीयंत्राकडे गेली, कापसाची वेचणी मात्र मुख्यतः हातानेच होते.
- संस्था : सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र हे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते.