यंत्राची प्रेयसी



प्रेमाच्या विषयावर बोलण्यास कामगार संघटनेचा कार्यकर्ता कशाला, अशी शंका आपणांस येईल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनाच्या फाटकावरील सभांत अधिक झाले. परंतु ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याची नायिका मुळात एक राबणारी बाई आहे.

'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' हा हिंदी चित्रपट 2024 साली आला. अमित जोशी आणि आराधना साह हे त्याचे दिग्दर्शक. आर्यन हा तरुण अमेरिकेत मावशीकडे जातो आणि तेथील सिफ्रावर लुब्ध होतो. ती यंत्र आहे, हे त्याला मागाहून कळते. तरीही तो तिला घरी आणतो. ती थकत नाही, रुसत नाही, सांगितले ते करते. अशी सून लाभली म्हणून घरची माणसे हरखून जातात. पुढे ऐन लग्नात यंत्र बिघडते आणि हाहाकार उडतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. आम्हीही हसलो.

हसू ओसरल्यावर मात्र एका शब्दाची आठवण झाली. 'रोबो' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. त्याच्या मुळाशी 'रोबोटा' आहे. जमीनदाराच्या शेतावर कुळांना सक्तीने जे राबावे लागे, ते रोबोटा. आपल्या भाषेत वेठ. तेव्हा यंत्राची प्रेयसी म्हणजे वेठीस धरलेली प्रेयसी!

आपल्या यवतमाळकडे सालगडी पाडव्याला ठरतो. त्याचे कष्ट आम्ही गोड करून सांगत नाही. पण पुढच्या पाडव्याला 'यंदा तुमच्याकडे नाही' असे म्हणण्याची वाट त्याला असते. सिफ्राला पाडवा नाही. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ घरांतल्या सुनांनाही तो नाही. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात 2008 साली झाला. घरच्या सुनेचे राबणे मात्र अजून कोणत्याही हजेरीपटावर चढलेले नाही. म्हणून पडद्यावरची ती मंडळी सिफ्रावर खूष होतात, तेव्हा ती नव्या यंत्रावर खूष नसतात; जुन्याच अपेक्षेवर खूष असतात.

चापेकच्या नाटकाचा शेवट येथे ध्यानात घ्यावा. प्रिमस आणि हेलेना या दोन यंत्रमानवांपैकी एकाला चिरून तपासण्याची गोष्ट निघते. तिला हात लावू देण्यास तो नकार देतो, त्याला हात लावू देण्यास ती नकार देते. त्या नकारावरूनच वृद्ध आल्क्विस्टला कळते की, यांच्यात प्रेम उपजले आहे.

आमचा संपावरचा अनुभवही हेच सांगतो. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'होय'ला किंमत असते. तरुण मित्रांनो, घरी परतल्यावर एवढेच पाहा : आपल्या घरात 'नाही' म्हणण्याची सोय कोणाकोणाला आहे?